बर्फाच्या सीझनला बाईक ठेवायचीये, टाकी फुल ठेवू का रिकामी करू?

बुलेट_मिनियापोलिसकर

नमस्कार मंडळी. यंदा हिंमत करून इथे अमेरिकेत, मिनेसोटातल्या मिनियापोलिसला रॉयल एनफिल्ड क्लासिक ३५० घेतली, नव्या इंजिनची, म्हणजे इंजेक्शनवाली, कार्बोरेटर नाही. उन्हाळाभर मिसिसिपीच्या कडेनं हायवे ६१ वर रेड विंग, लेक पेपिन, वबाशा असं मनसोक्त हुंदडून झालं. आता ऑक्टोबर संपत आलाय, सकाळी गाडीच्या सीटवर पांढरं बसलेलं असतं आणि रस्त्यावर बर्फ वितळवायला मीठ टाकणारे ट्रक कधी फिरायला लागतील सांगता येत नाही, त्यामुळे आता एप्रिलपर्यंत गाडी गॅरेजमधे. गॅरेज घरापासून वेगळं आहे, हीटिंग नाही, जानेवारीत आत उणे वीसच्या खाली जातं.

बॅटरी, चेन, टायर हे सगळं कळलंय, अडलंय ते टाकीपाशी. डीलर म्हणाला फुल करा आणि स्टॅबिलायझर, म्हणजे पेट्रोल टिकवायचं औषध, टाका. शेजारी एक आजोबा आहेत, आयुष्य हार्लेवर गेलेलं, ते म्हणतात थेंब न थेंब काढून टाक, नाहीतर एप्रिलमधे रडशील. आणि सांगलीहून बाबांचा रोज फोन, की काही करू नकोस, फक्त दर रविवारी पाच मिनिटं चालू करत जा, आम्ही आयुष्यभर तेच केलं. तिघंही इतक्या ठामपणे सांगतायत की कोणाचं ऐकू कळेना झालंय.

अजून एक. इथे काही पंपांवर ९१ ऑक्टेनचं वेगळं नॉझल असतं, त्यावर स्टिकर की हे फक्त कलेक्टर गाड्या (म्हणजे हौसेनं जपलेल्या जुन्या गाड्या), बोटी, स्नोमोबिल वगैरेंसाठी. ते आपल्याला चालतं का? का पोलीस धरतील?

तेलकट_हात

फुल. डोळे झाकून फुल.

आता कारण. तुमच्या गाडीची टाकी पत्र्याची आहे, आतून पत्रा जवळजवळ उघडाच असतो. जिथे पेट्रोल टेकलेलं आहे तिथे गंज धरत नाही, जिथे हवा आहे तिथे धरतो, इतकं सरळ आहे. दिवसा गॅरेज जरा तापतं, रात्री गार पडतं, टाकी झाकणाच्या व्हेंटमधून श्वास घेत राहते आणि आत आलेली दमट हवा गार पत्र्यावर बसते. मी जुन्या टाक्या उघडतो तेव्हा अर्ध्या भरून ठेवलेल्या टाकीत टॉर्च लावून बघितलं की आत चक्क रेघ दिसते, रेघेच्या खाली चकचकीत आणि वर विटकरी. एकदा तो विटकरी भुगा सुटला की तो फिल्टरमधे आणि मग पंपात.

तुमच्या शेजारच्या आजोबांचं पण चूक नाही, फक्त ते कार्बोरेटरच्या जमान्यातलं आहे. कार्बोरेटरच्या गाडीत फ्लोटच्या वाटीतलं, म्हणजे कार्बोरेटरच्या तळाशी साठून राहणारं, पेट्रोल काढायचं असतं कारण वाटीतलं थोडंसं पेट्रोल उडून जातं, मागे चिकट साका राहतो आणि पेट्रोल जिथून इंजिनाकडे जातं त्या पायलट जेटचं केसाएवढं भोक बुजतं. तुमच्या गाडीला वाटीच नाही. उलट पेट्रोलचा पंप टाकीच्या आत बसवलेला आहे, तो पेट्रोलमधे बुडलेला असतो आणि पेट्रोलनंच गार राहतो. टाकी कोरडी करून सहा महिने ठेवली तर त्याची रबरं आणि सील सुकणार. आणि कोरडी म्हणजे किती कोरडी? कोपऱ्यात वाटीभर राहतंच, आणि वरचा सगळा पत्रा उघडा. म्हणजे दोन्हीकडून तोटा. टाकी रिकामी करायची ती फक्त रंगकामाला किंवा गाडीवरून उतरवून ठेवायची असेल तेव्हा, आणि तेव्हा सुद्धा पंप बाहेर काढून आतून टूस्ट्रोक ऑइल फिरवून ठेवतात, नुसती रिकामी नाही ठेवत.

पद्धत: स्टॅबिलायझरची बाटली खिशात घेऊन पंपावर जा. आधी बाटलीतलं टाकीत ओता, वरून पेट्रोल भरा, म्हणजे धारेनं आपोआप ढवळलं जातं. लाल स्टा-बिल घेतलंत तर १ औंस अडीच गॅलनला लागतं. तुमची टाकी १३ लिटर म्हणजे साडेतीन गॅलनच्या आतबाहेर, तर साधारण ४० मिली. दुसऱ्या कंपनीचं घेतलं तर माप वेगळं असतं, बाटलीच्या मागे वाचा. आणि पंप घरापासून दहाबारा मिनिटांवरचा निवडा, म्हणजे परत येईपर्यंत औषध घातलेलं पेट्रोल लाइनमधून इंजेक्टरपर्यंत पोचलेलं असतं. लोक टाकीत ओततात आणि इंजिन चालूच करत नाहीत, मग इंजेक्टरमधे जुनंच पेट्रोल बसून राहतं.

फुल म्हणजे गळ्यापर्यंत नाही हां. तोंडाच्या आत जी पट्टी किंवा नळी खाली आलेली दिसते तिच्या खालच्या कडेपर्यंत. पेट्रोल फुगतं, दर डिग्रीला हजारात साधारण एक भाग. १३ लिटरला ३५ डिग्रीचा फरक पडला, जो तुमच्याकडे जानेवारी ते एप्रिल आरामात पडतो, तर जवळजवळ अर्धा लिटर वाढतं. ते कुठे जाणार? ज्या गाड्यांना पेट्रोलची वाफ शोषणारा कोळशाचा कॅनिस्टर असतो त्यात ते शिरलं की कॅनिस्टर बाद.

केमिकल_लोच्या

तेलकटरावांशी निष्कर्षाला सहमत, कारणाला अर्धा सहमत. ते "हवेतलं पाणी टाकीत जमतं" प्रकरण लोक फार फुगवून सांगतात, जरा हिशोब करू.

२० डिग्रीला पूर्ण दमट हवेत घनमीटरला १७ ग्रॅम पाणी असतं. तुमची अख्खी १३ लिटरची टाकी अशा हवेनं भरली आणि त्यातलं सगळं पाणी खाली पडलं असं धरलं तरी पाव ग्रॅमच्या आत, म्हणजे चारपाच थेंब. आणि दिवसरात्रीच्या फरकानं टाकीतली सगळी हवा काही बदलत नाही, दहा टक्के बदलली तरी खूप. त्यातून मिनेसोटाची जानेवारीतली हवा हाड कोरडी, तिच्यात पाणी आहेच किती. त्यामुळे एप्रिलमधे टाकीत कपभर पाणी निघालं असं कोणी सांगत असेल तर ते हवेतून आलेलं नाही, झाकणातून आलंय.

पण गंजाला कपभर पाणी लागतच नाही, पत्र्यावर ओलसर पापुद्रा पुरतो, म्हणून त्यांची ती विटकरी रेघ खरी आहे. त्यासाठी फुल टाकी बरोबर.

आता इथेनॉल. इथलं साधं ८७ म्हणजे ई-१०, दहा टक्के इथेनॉल, आणि इथेनॉल पाणी ओढतं. १५ डिग्रीच्या आसपास ई-१० साधारण अर्धा टक्का पाणी पोटात घेऊन शांत बसतं, म्हणजे १३ लिटरमधे ६५ मिली, कटिंग चहाएवढं. त्याच्यापुढे गेलं की फाटतं, पाणी आणि इथेनॉल एकत्र होऊन तळाला बसतात, आणि पंप पेट्रोल तळातूनच उचलतो. वर उरलेल्या पेट्रोलचं ऑक्टेनही उतरतं कारण ते इथेनॉलमुळेच चढलेलं असतं. आणि गारठा वाढला की ही पाणी पोटात घ्यायची ताकद कमी होते. तरी वरचा हिशोब बघितलात तर कळेल की नुसत्या हवेनं ६५ मिली गाठणं अवघड आहे. स्टॅबिलायझरनं एकदा फाटलेलं पेट्रोल परत जुळत नाही हेही लक्षात ठेवा, आणि जुनं झालेलं पेट्रोल ताजंही होत नाही. ते फक्त ताज्या पेट्रोलचं म्हातारपण लांबवतं.

मग सहा महिन्यात खरं नुकसान कशानं होतं? दोन गोष्टी. हलके घटक उडून जातात, त्यामुळे वसंतात गाडी सुरू व्हायला कुरकुरते. आणि उरलेलं हवेतल्या ऑक्सिजनबरोबर हळूहळू चिकट होत जातं. दोन्हीला टाकीतली हवा कमी असणं हाच उपाय. गंमत म्हणजे १५ सप्टेंबरला उन्हाळी पेट्रोलचे नियम संपतात आणि नंतर पंपांवर हिवाळी मिश्रण येतं, त्यात ब्युटेन जास्त, ते थंडीत पटकन पेटतं पण उडूनही पटकन जातं. ऑक्टोबरमधे भरणार म्हणजे तेच मिळणार, इलाज नाही.

ते ९१ चं स्टिकरवालं म्हणजे नॉन-ऑक्सी, त्यात इथेनॉल नाही. मिनेसोटाच्या कायद्यात पेट्रोलमधे इथेनॉल सक्तीचं आहे पण सूट दिलेल्यांच्या यादीत मोटरसायकल स्पष्ट लिहिलेली आहे. स्टिकर शेवटपर्यंत वाचा, बोटी आणि स्नोमोबिलच्या शेजारीच सापडेल. पोलीस वगैरे काही नाही. हिवाळ्यासाठी तेच भरा, वर्षातनं एकदा गॅलनमागे थोडे पैसे जास्त गेले तर जाऊ देत.

पडवीतली_यामाहा

तुमचा बर्फ तसा आमचा पाऊस ओ. रत्नागिरी. जून लागला की माझी यामाहा आरएक्स १०० पडवीत जाते ती गणपतीनंतर बाहेर येते. इकडे हवा अशी की मीठ बरणीत पाणी सोडतं, तेव्हा वरचा चार थेंबांचा हिशोब आमच्याकडे लावायला जरा मोठी बरणी घ्या ;)

पण झाकणातून पाणी येतं हे मात्र शंभर टक्के. नव्या गाड्यांची झाकणं टाकीत बसवलेली असतात, भोवती खोबण असते आणि त्या खोबणीत एक बारीक भोक. त्या भोकातून रबरी नळी टाकीतून खाली जमिनीकडे जाते, पावसाचं पाणी तिकडून जावं म्हणून. ते भोक मातीनं, मेणपॉलिशनं, नाहीतर कुंभारमाशीच्या घरानं बुजतं. मग खोबणीत तळं साठतं आणि झाकण उघडलं की अख्खं तळं टाकीत. भावाच्या गाडीचं असंच झालं, मेकॅनिक इंजेक्टर बदलू, पंप बदलू करत होता. शेवटी झाकणाच्या खोबणीत ग्लासभर पाणी ओतून बघितलं तर खाली थेंब उतरेना. सायकलच्या ब्रेकची तार घातली तेव्हा मातीचा गोळा बाहेर आला. मिनियापोलिसकर, गाडी धुवून ठेवणार असाल तर धुण्याआधी हे बघा. फुंकर मारून चालत नाही, तार घाला, पण हळू, नळी निसटली तर आणखी पंचाईत.

आता धागा जरा पळवतो. माझी कार्बोरेटरवाली, टाकीखाली पेट्रोल चालू-बंद करायच्या कॉकवाली. आत्तापर्यंत मी टाकी अर्धी ठेवून कॉक बंद करायचो आणि विसरून जायचो. पूर्वी चालून गेलं पण आता पंपावर सगळं ई-२० मिळतं, आणि ही गाडी १९९६ पर्यंतच बनायची, तिच्या रबरांना वीस टक्के इथेनॉल कोणी दाखवलेलंच नाही. मी काय करू? टाकी फुल, का काय?

श्टुटगार्टवाली

इकडे जर्मनीत निर्णय आपल्या हातात नसतोच, नंबरप्लेटवरच लिहिलेला असतो. सीझनची प्लेट घेतली की उजव्या कडेला दोन आकडे एकाखाली एक, माझ्या प्लेटवर ०४ आणि १०, म्हणजे एप्रिल ते ऑक्टोबर. ३१ ऑक्टोबरनंतर चालवायची तर नाहीच, सार्वजनिक रस्त्याच्या कडेला उभी सुद्धा करायची नाही. त्यामुळे शेवटच्या शनिवारी पंपावर ही रांग, सगळे दुचाकीवाले टाकी फुल करायला आलेले. इथे ई-१० आणि ई-५ शेजारी शेजारी मिळतं, ठेवणीसाठी लोक ई-५ नाहीतर सुपर प्लस भरतात.

मला लिहायचं होतं ते बाबांच्या रविवारबद्दल. पाच मिनिटं चालू करणं हे न करण्यापेक्षा वाईट. इंजिनात पेट्रोल जळलं की पाण्याची वाफ तयार होते, गाडी नीट तापली तर ती बाहेर पडते, नाहीतर सायलेन्सरमधे आणि ऑइलमधे पाणी होऊन बसते. उणे वीसमधे उभ्या उभ्या पाच मिनिटांत काय तापणार? शिवाय दर वेळी टाकीतलं थोडं पेट्रोल कमी होणार, म्हणजे जी हवा नको म्हणून फुल केली तीच परत आत घेतली. आणि स्टार्टरनं खाल्लेली बॅटरी तेवढ्यात भरून निघत नाही. बाबांचं सांगलीत चालायचं कारण तिकडे पाच मिनिटं म्हणता म्हणता ते गाडी घेऊन भाजी आणायला जात असणार, आमचे तरी जायचे.

आणि एक, तुमचं गॅरेज वेगळं आहे म्हणून ठीक, पण हे वाचणाऱ्या बाकीच्यांनी बघा की जिथे फुल टाकीची गाडी ठेवताय तिथे गॅसचा गिझर किंवा भट्टी तर नाही ना. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत पसरत जाते आणि गिझरची पायलट ज्योत जमिनीपासून वीतभर उंचीवरच असते. बिल्डिंगच्या तळघरात ठेवणार असाल तर भाडेकरार आधी वाचा, पुष्कळ ठिकाणी मनाई असते.

तेलकट_हात

@केमिकल_लोच्या हिशोब आवडला. चार थेंब तर चार थेंब, पण ते दर वर्षी त्याच जागी पडतात हो.

@पडवीतली_यामाहा तुमच्या गाडीला टाकी आणि कार्बोरेटर असे दोन वेगळे विषय समजा. टाकी पत्र्याची, म्हणून फुल. मग कॉक बंद करायचा, इंजिन चालू ठेवायचं आणि आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्यायचं. तरी वाटीच्या तळाशी थोडं राहतंच, तर वाटीखालचा ड्रेन स्क्रू सोडून तेही बशीत काढा. ई-२० असेल तर हे टाळूच नका, वाटीत राहिलेलं इथेनॉल दमट हवेत पितळेच्या जेटवर हिरवं आणि ॲल्युमिनियमवर पांढरं पीठ धरतं. रबराची नळी दाबून बघा, फुगून मऊ झाली असेल किंवा बोटाला काळं लागत असेल तर बदला, हल्ली इथेनॉलला टिकणारी मिळते. आणि पडवीत ताडपत्री गुंडाळून ठेवू नका, आत वाफ धरते. सुती चादर टाका आणि वारा लागू द्या.

ज्यांच्या कॉकला ऑफ नसतं, नुसतं ऑन, रिझर्व्ह आणि प्राइम असतं, तो व्हॅक्यूमचा कॉक. इंजिन बंद झालं की तो स्वतःच बंद होतो, त्याला ऑफ शोधत बसू नका, फक्त प्राइमवर, म्हणजे पेट्रोल सतत चालू राहतं त्यावर, विसरू नका. प्राइमवर राहिला आणि फ्लोटची सुई गळकी असेल तर टाकी हळूहळू इंजिनात रिकामी होते आणि एप्रिलमधे ऑइलला पेट्रोलचा वास.

बुलेट_मिनियापोलिसकर

सगळ्यांना खूप धन्यवाद, एवढं सविस्तर कोणी सांगत नाही. काल नॉन-ऑक्सी भरून आणलं, स्टिकरवर मोटरसायकल लिहिलेलं खरंच आहे. झाकणाची खोबण पाणी ओतून बघितली, खाली व्यवस्थित धार आली. पट्टीच्या खालपर्यंतच भरलंय.

राहिलेले प्रश्न: इथेनॉल नाहीच म्हटल्यावर स्टॅबिलायझर लागतं का? मी टाकलंय पण उगाच गेलं का? आणि एप्रिलमधे हेच पेट्रोल वापरायचं का काढून टाकायचं, काढलं तर ओतायचं कुठे? बाबांना वाफेचं समजावलं, ते म्हणाले "बरं बरं, तुमचं शास्त्र", म्हणजे पटलेलं नाही.

केमिकल_लोच्या

उगाच नाही गेलं. इथेनॉल नसलं तरी पेट्रोल चिकट होणं थांबत नाही, स्टॅबिलायझर मुख्यतः त्यासाठीच असतं. दोनतीन महिने ठेवायची असती तर नॉन-ऑक्सीवर नुसती ठेवली तरी चाललं असतं, सहा महिन्यांना टाकलेलं बरं.

तेलकट_हात

एप्रिलमधे झाकण उघडून वास घ्या. पेट्रोलचा वास आला तर बिनधास्त वापरा. आंबूस, जुन्या वॉर्निशसारखा आला, किंवा पारदर्शक बाटलीत थोडं काढल्यावर चहासारखा रंग दिसला, तर काढा. तुम्ही जसं केलंय त्यावरून ती वेळ येणार नाही. पहिल्यांदा चालू करताना लगेच स्टार्टर मारू नका, चावी ऑन करून पंपाचा घुंईऽऽ आवाज थांबेपर्यंत थांबा, बंद करा, असं दोनतीनदा, म्हणजे लाइनमधे प्रेशर येतं. चालू झाली की पहिली पन्नासेक मैल फिरवून वर ताजं भरा.

काढावं लागलंच तर गटारात नाही, गवतावर नाही, कचऱ्याच्या डब्यातही नाही. हेनेपिन काउंटीची घातक कचऱ्याची केंद्रं आहेत, एक ब्रुकलिन पार्कला आणि एक ब्लूमिंग्टनला, तिथे घरगुती जुनं पेट्रोल घेतात. पेट्रोलसाठीच्या कॅनमधे न्या, दुधाच्या कॅनमधे नाही.

बुलेट_मिनियापोलिसकर

उत्तम. एक शेवटचं, आत्ता शेजारचे आजोबा दारात आलेत. टाकी रिकामी करत नाहीयेस तर निदान हे तरी टाक म्हणून हीट नावाच्या, पेट्रोलमधे घालायच्या औषधाची पिवळी बाटली देऊन गेले. टाकू का?

केमिकल_लोच्या

नका टाकू. पिवळी म्हणजे मिथेनॉल, लाल म्हणजे आयसोप्रोपिल. दोन्ही अल्कोहोल आहेत, टाकीत थोडं पाणी असेल तर ते पेट्रोलमधे मिसळून इंजिनातून जाळून टाकायला असतात, आणि त्यासाठी गाडी चालवावी लागते. तुमची उभी राहणार. चांगलं बिनअल्कोहोलचं पेट्रोल शोधून भरलंत आणि आता त्यात वरून मिथेनॉल घालून सहा महिने रबर आणि ॲल्युमिनियम भिजवत ठेवायचं, हे कशाला?

पडवीतली_यामाहा

बाटली ठेवून घ्या, आजोबांना नाही म्हणू नका, एकदा घरी बोलवून चहा पाजा. शेजारी बर्फ उपसायला लागतो.